दोन मात्रांची जागा

कर्वेनगर, पुणे
४ जून २००२

दिगंबर,

वर 'प्रिय' नाही, ते विसरून नव्हे. सोळा वर्षांनी तो शब्द वापरला असता तर तू पत्र तिथेच मिटवलं असतंस. आणि 'श्री.' लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, वीजबिलाचं काहीतरी आहे.

तेव्हा थेट कामाचं लिहितो. तुझी 'सूचना' ही कविता नववीच्या मराठीच्या नव्या पुस्तकात घ्यायची ठरली आहे. राज्यभरातली पोरं ती पाठ करतील, विसरतील आणि परीक्षेत तिच्याबद्दल खोटं लिहितील. मराठी कवीला याहून मोठं काही मिळत नाही. सोबत संमतीचा कागद आहे. खाली सही कर आणि पाठव. पंधरा जुलै ही शेवटची तारीख. समितीच्या मंदाकिनीबाई वयाने माझ्याएवढ्या आणि आवाजाने आपल्या जुन्या हेडमास्तरांएवढ्या आहेत. त्यांच्यापुढे तारखेबद्दल घासाघीस चालत नाही.

तुझ्या नर्सरीच्या नंबरवर पाच वेळा फोन केला. पाचही वेळा कौशल्यावहिनी म्हणाल्या, "ते गुलाबांत आहेत." पाचव्यांदा मागून तुझा खोकला ऐकू आला. खोकला तोच आहे, बरं वाटलं.

तू विचारलं नाहीस, तरी माझं सांगतो. कॉलेजातली नोकरी सोडली. दर गुरुवारी एका दैनिकात पुण्याची खोडी काढतो. पूर्वी पुणं पत्र पाठवून उत्तर द्यायचं, आता ई-मेल करतं, त्यामुळे अपमानाला पोस्टाचं तिकीट लागत नाही. घरी मी आणि पुतणी स्पृहा. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे काय करते ते तिच्या आईबापांनाही ठाऊक नाही, पण अभिमान आहे.

कागदाच्या पाठीमागे कविता छापली आहे. मी संपादित केलेल्या संग्रहातून समितीने उतरवली, ती अशी:

पत्रा सरकव,
पट्टी टेकव,
हात काढ रे,
पाय दाब मग.

भाकर सरकव,
डोकं टेकव,
बोट मोज रे,
दहा आहेत.

तुझ्या कपाळावर आठी आली असेल. ते दोन 'रे' कंपोझिटरने घातले होते, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पण मोकळेपणाने कबूल कर, त्यांनी कवितेचं भलंच झालं. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेसाठी हिचं रसग्रहण करायचं काम माझ्याकडे आलं आहे. चांगलंच लिहीन. मला दुसरं लिहिता येत नाही.

सही काळ्या शाईने कर. मंदाकिनीबाईंना निळी चालत नाही.

श्याम


१२ जून २००२

दिगंबर,

सही आली नाही. वहिनी आता फोनवर "ते मोगऱ्यात आहेत" म्हणतात, म्हणजे प्रगती आहे.

रसग्रहणाचा मसुदा झाला. तुला पाठवायची गरज नव्हती, पण कवीच्या पाठीमागे त्याच्या कवितेचं कौतुक करणं मला जमत नाही; पाठीमागे मी फक्त टीका करतो. मुख्य मुद्दे असे.

एक, बांधणी. दोन कडवी, चार-चार ओळी, प्रत्येक ओळ आठ मात्रांची. पहिलं कडवं कारखान्यातलं, दुसरं घरातलं. पण क्रियापदं तीच: सरकव, टेकव. माणूस घरी गेला तरी मशीन त्याच्या अंगातून उतरत नाही, हे कवी कुठेही म्हणत नाही. तीच दोन क्रियापदं पुन्हा आणतो आणि गप्प बसतो. हे तू बावीस-तेविसाव्या वर्षी केलंस, याचा मला तेव्हा राग आला होता. आज फक्त हेवा वाटतो.

दोन, नाद. पत्रा, पट्टी, पाय. 'प' म्हणताना ओठ मिटावे लागतात. ओठ मिटतात आणि उघडतात, जशी कारखान्यातली तुझी पत्रा कापणारी पॉवर प्रेस. मधल्या ओळीत मात्र 'हात'. 'ह'ला ओठ लागतच नाहीत, नुसता श्वास बाहेर पडतो. दुसऱ्या कडव्यात भाकरीचा 'भ' आणि बोटाचा 'ब' पुन्हा ओठ मिटवतात, आणि शेवटी 'दहा आहेत'मध्ये दोन 'ह', दोन सुटकेचे श्वास. हे तू ठरवून केलंस का, असं विचारणार नाही. ठरवून केलं असशील तर हुशार आहेस, आणि न ठरवता केलं असशील तर त्याहून.

तीन, यमक. जवळजवळ नाहीच, फक्त 'सरकव-टेकव'. मुलांना हे पटवणं अवघड जाईल, कारण मुलांच्या मते यमक नसलं की तो निबंध असतो.

चार, दोष आणि त्याचं निवारण. मूळ लेखनात तिसरी व सातवी ओळ सहा मात्रांची होती, म्हणजे दोन पायऱ्या कमी असलेला जिना. 'रे' आल्याने जिना पुरा झाला, शिवाय एका कामगाराने दुसऱ्याला मारलेली प्रेमळ हाक कवितेत आली.

इथपर्यंत लिहून मी खूष होतो. कागद टाइप करायला स्पृहाकडे दिले. तिच्याकडे तुझ्या मूळ कवितेचं ते पिवळं पडलेलं पानही गेलं, माझ्या फायलीतलं. तिने टाइप करता करता विचारलं, "काका, ओरिजिनलमध्ये 'हात काढ'नंतर एवढी मोठी डॅश आहे. दोन्हीकडे. ती तुम्ही डिलीट केलीत का?"

म्हटलं, "डॅश म्हणजे नवकवीचं दागदागिने घालणं. त्या काळी फॅशन होती."

"पण बाकी अख्ख्या कवितेत एकच दागिना, तोही त्याच जागी दोनदा? आमच्याकडे कोडमध्ये कुणी असं केलं ना, तर आम्ही आधी त्याला विचारतो. मग डिलीट करतो."

मी तिला चहा करायला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हीच करा." हल्लीच्या मुली पगार मिळवतात, दुसरं काय.

तुझं उत्तर आलं नाही तरी चालेल, सही येऊ दे.

श्याम


२१ जून २००२

दिगंबर,

आज हे पत्र सावकाश वाच. गुलाब दहा मिनिटं थांबतील.

नगर रोडवर तुमची कंपनी होती तिथे आता निळ्या काचेची इमारत आहे, ठाऊकच असेल. स्पृहाचं ऑफिस त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तुमची प्रेस शॉप होती तिथे कँटीन आहे आणि तिथे भाकरी 'हेल्दी ऑप्शन' म्हणून मिळते. मंगळवारी स्पृहा डबा विसरली. मी नेऊन द्यायला गेलो. तिला खाली यायला वेळ लागणार होता, म्हणून गेटवरच्या खुर्चीत बसून मसुदा तपासत होतो. सवयीप्रमाणे तोंडाने कविता म्हणत होतो आणि बोटांवर मात्रा मोजत होतो. तू या बोटं मोजण्याला हसायचास. "श्याम कविता वाचत नाही, पंचांग बघतो," असं म्हणायचास.

गेटवरचा गार्ड माझ्याकडे बघत होता. साठीचा असेल, मिशा पांढऱ्या, टोपी एक नंबर मोठी. जवळ येऊन म्हणाला, "ही तर दिगूची. आमची."

मी वर बघितलं. त्याने उजवा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता. अंगठा आणि करंगळी. मधे काही नाही.

तुझा पोपट, दिगंबर. तू सांगायचास तो, तुझ्या शेजारच्या मशीनवरचा.

मी म्हटलं, "तुम्हाला पाठ आहे?"

"पाठ काय करायचीय वो, अंगात हाय." आणि गेटवर उभ्या उभ्या त्याने म्हणून दाखवली. म्हणून नाही, करून दाखवली. 'पत्रा सरकव' म्हणताना दोन्ही हात पुढे. 'पट्टी टेकव' म्हणताना डाव्या तळव्याने हवेतली पट्टी डायवर, म्हणजे मशीनच्या साच्यावर, चेपली. 'हात काढ' म्हणाला आणि गप्प झाला. एवढाच वेळ, एक श्वास. त्या श्वासात दोन्ही हात छातीशी आले. मग 'पाय दाब मग', आणि मशीनचं पेडल दाबावं तसा बूट जमिनीवर आपटला. आत येणारी दोन पोरं गळ्यातली ओळखपत्रं सावरत थबकली. त्यांना वाटलं, सिक्युरिटी ड्रिल चालू आहे.

मी हातातला कागद बघून म्हटलं, "इथे 'हात काढ रे' असं छापलंय."

पोपट म्हणाला, "त्यो 'रे' मागाहून आला. सुरक्षा सप्ताहात सायबानं भिंतीवर ऑईलपेंटनं रंगवून घेतली, कुठल्याशा पुस्तकातनं. तवा त्यो 'रे' आला. आमी पाळी चालू व्हायच्या आधी त्याच्यावर खडूनं काट मारायचो. दर सोमवारी सायेब पुसायला लावायचा, मंगळवारी आमी पुन्हा मारायचो."

"का पण?"

"'रे' म्हनूस्तोर हात आतच की वो! ती जागा हात काढायला ठिवलीय. तिथं बोलायचं नसतं."

दिगंबर, मी पंधरा वर्षं छंदशास्त्र शिकवलं.

"कुणी घातला असेल?" मी विचारलं. आवाज माझाच होता, खात्री करून घेतली.

"कोन जाने. शहानाच असनार," पोपट म्हणाला. "यड्याला कळलं असतं."

मी म्हटलं, "असेल कुणीतरी सदाशिव पेठेतला."

मग त्याने आपणहून सांगितलं. "माजी बोटं गेली तवा ही कविता न्हवती. माज्यानंतर दिगूनं केली. नव्या मानसाला आमी पयल्या दिवशी हीच शिकवायचो, मशीन मागनं. तिच्यानंतर त्या लाइनीवर कुनाचं गेलं न्हाई. कंपनी गेली, पर बोटं न्हाई."

स्पृहा खाली आली, डबा घेतला, माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, बीपीची गोळी घेतलीत ना?" मी हो म्हटलं. तुला म्हणून सांगतो, घेतली नव्हती.

श्याम


१ जुलै २००२

दिगंबर,

आता जे लिहितो ते सोळा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो आणि त्या वयात मी चुकत नसे.

कंपोझिटरचा काही दोष नव्हता. बिचारा दत्तोबा, त्याने आयुष्यात एक काना इकडचा तिकडे केला नाही. ते दोन्ही 'रे' मी प्रुफात घातले, हिरव्या शाईने. डॅशही मीच काढल्या. तुला विचारलं नाही. त्याआधी मासिकात तुझ्यावर जे परीक्षण लिहिलं, 'कामगारकवीचे कान आणि मात्रांचे भान', त्यातही हाच उपदेश होता. तू ऐकला नाहीस, म्हणून संग्रहात मीच अमलात आणला. संपादक होतो ना.

आणि तुला हे सगळं ठाऊक आहे, हेही मला ठाऊक आहे. शुक्रवार पेठेतल्या छापखान्यात तू आला होतास, तेव्हा प्रुफं टेबलावर उघडी होती. तू वाचलीस. हिरवी शाई पुण्यात कोण वापरतं ते सगळ्यांना माहीत होतं. तू चहा संपवलास, कप विसळून ठेवलास आणि गेलास. पुढे मी माणसांना सांगत राहिलो, 'दिगंबर फार हळवा, छापखान्याच्या चुकीवरून रुसला.' हे मी इतक्यांदा सांगितलं की गेल्या महिन्यात तुलाच लिहून पाठवलं. निर्लज्जपणाचा सराव असा अंगी मुरतो.

त्यानंतर तू एक ओळ छापायला दिली नाहीस. मी याचं श्रेय घेत नाही. घेत नाही म्हणतो, पण रोज घेत होतो.

मी तुझ्या ओळीच्या मात्रा बोटांवर मोजल्या, दिगंबर. दहाच्या दहा शाबूत बोटांवर. सहा भरल्या, म्हणून दोन कमी, असं म्हणालो. त्या कमी नव्हत्या, त्या होत्याच. फक्त त्यांत शब्द नव्हता. कानाने ऐकलं असतं तर एखाद्या नवशिक्या तबलजीलाही कळलं असतं. पण मी कविता डोळ्याने वाचणाऱ्यांच्या गावात वाढलो.

शुक्रवारी पुन्हा नगर रोडला गेलो. या वेळी डबा नव्हता. पोपटला म्हटलं, "पोपटराव, तो शहाणा मी."

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला त्यांचं वर्गीकरण करता आलं असतं. तो रजिस्टर पुढे सरकवत म्हणाला, "मग काढा की. तुमीच घातला, तुमीच काढा. आन् येळ लिवा, आत कधी आला त्याची."

तर काढायला निघालो आहे. मंदाकिनीबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं काय त्यात? कवी उत्तर देत नसतील तर संग्रहाचे संपादक म्हणून आपण सही करा. तसा नियम आहे. छापील पाठ समितीने मंजूर केलाय, तो 'रे'सकट जाईल. छान लय आहे. पोरांना टाळ्या वाजवता येतात."

म्हणजे माझी एक सही, आणि त्या दोन जागा कायमच्या बुजतील. लाखभर पोरं टाळ्या वाजवत हात आत ठेवतील. बाई कागद पुढे करून बसल्या होत्या, काळ्या शाईचं पेन वर ठेवून.

मी म्हटलं, "संपादकाला या कवितेवर सही करायचा हक्क नाही. त्याने त्यात चोरी केली आहे."

"कुणी?"

"मी."

बाईंनी चष्मा काढला. "मग मूळ कवितेखाली कवीची सही आणा. त्यांच्या हातची, पंधरापर्यंत. नाही आली तर कविता वगळू आणि तिथे एक पावसाची घेऊ. पावसाच्या आमच्याकडे पडून आहेत."

तेव्हा असं आहे. 'रे'सकट मी जाऊ देणार नाही. आणि तू सही केली नाहीस तर ती जाणारच नाही. तुझ्यावर दबाव आणत नाही, नुसतं कळवतो. नवा कागद सोबत आहे, पाठीमागच्या छापील कवितेवर मी काट मारली आहे, खाली जागा आहे. तुझ्या हाताने लिही.

रसग्रहणही नवं लिहिलं आहे, तेही सोबत. 'दोष आणि निवारण' हे कलम गेलं. त्याजागी 'रिकामी जागा' असं कलम आहे, सव्वा पान. त्यात मी ती जागा समजावून सांगितली आहे: ती कशी श्वासाची आहे, कशी सुटकेची आहे, दुसऱ्या कडव्यात बोटं मोजायला कशी तेवढीच जागा लागते, कष्टकऱ्यांच्या आयुष्यातलं ते कसं एकमेव मौन आहे, वगैरे. चांगलं उतरलं आहे. चूक असेल तिथे खूण कर. शाई कुठलीही चालेल.

माफी मागत नाही. मागायला हवी, पण मला ती लिहिता येत नाही. प्रत्येक मसुद्यात एखादा विनोद निघतो आणि मग मी तोच जपत बसतो.

श्याम


१३ जुलै २००२

दिगंबर,

पाकीट आज सकाळी आलं. मोगऱ्याचा वास होता, म्हणजे वहिनी खोटं बोलत नव्हत्या.

संमतीचा कागद रिक्षाने जाऊन समितीत दिला. मंदाकिनीबाईंनी सही पाहिली, मग उलटून कविता पाहिली. तू लिहिलेली, आठ ओळी, दोन डॅश, प्रत्येकी बोटभर लांब. बाई मोठ्याने वाचू लागल्या. 'हात काढ'पाशी आल्या आणि नकळत थांबल्या. त्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. मग पुढे वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हं. टाळ्या नाही वाजवता येणार." आणि शिक्का मारला. पुस्तकात जाते आहे, दिगंबर. तुझी, अख्खी.

संध्याकाळी रसग्रहणाची पानं उघडली. पहिल्या तीन कलमांना तू हात लावला नाहीस. 'ओठ मिटतात' तिथे समासात एक बारीक टिंब आहे. ती पसंतीची खूण आहे की पेन टेकलं, याचा मी तासभर विचार केला. पसंतीची धरून चाललो आहे.

मग 'रिकामी जागा'. माझं सव्वा पान. वरून खालपर्यंत एक आडवी-तिडवी काट, आणि समासात दोन शब्द:

हात काढ.

कागद टेबलावर ठेवला आणि हसलो. स्पृहा बाहेर आली, म्हणाली, "काय झालं?" तिला समास दाखवला. तिने वाचलं आणि विचारलं, "हे ते दिगंबरकाका? मला आवडले." मी म्हटलं, "मलाही." इतक्या वर्षांत मोठ्याने म्हणालो नव्हतो.

कलम काढून टाकलं. हस्तपुस्तिकेत त्या जागी आता शिक्षकांसाठी एकच ओळ आहे: 'तिसरी व सातवी ओळ वाचल्यावर थांबावे. समजावून सांगू नये.' माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं रसग्रहण आहे. त्याचं मानधन पानाप्रमाणे मिळतं, म्हणजे तू मला दुहेरी धडा शिकवलास.

उद्या रविवार. सकाळी नऊला पोपटराव आणि मी तुझ्या लोणीच्या बसने येतो आहोत. त्यांची सुट्टी मी त्यांच्या साहेबाशी भांडून मिळवली, भांडणाचा आनंद निराळा. वहिनींना सांग, स्वयंपाकाचं काही करू नका, भाकरी चालेल. भेटल्यावर काय बोलायचं ते मी ठरवलं होतं. दोन पानं लिहूनही काढली होती.

ती घरीच ठेवून येतो.

तुझा
श्याम